पूर्वी स्टार कुणाच्या नावावर?

१९७१ चं युद्ध तेरा दिवसांत आटोपलं. त्या तेरा दिवसांत कोण कुठे होता, हे पदकांच्या रूपानं ठरायला मात्र वर्षाहून जास्त काळ गेला. पूर्व आघाडीच्या ठरवून दिलेल्या टापूत हजर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार आणि त्या काळात फौजेत असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला संग्राम मेडल. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांसाठी वूंड मेडल, म्हणजे पराक्रम पदक, तेही १९७३ चंच. पलटणीतल्या कारकुनांनी याद्या करायला घेतल्या तेव्हा युद्धात असलेले कितीतरी जवान जागेवर नव्हते. काहींची बदली झाली होती, काही इस्पितळातून परस्पर दुसऱ्या युनिटला गेले होते, काही घरी. यादीला फौजेत नॉमिनल रोल म्हणतात. रोलवर नाव नाही, तर मेडल नाही.

असं गळालेल्या एका नावाबद्दलचा हा संवाद आहे. बोलणारी दोन माणसं मी कल्पिलेली. ती ज्या नियमांवरून भांडतात ते नियम खरे आहेत. दाजी सातारा जिल्ह्यातले, हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले, आता पंचाहत्तरी ओलांडलेले. नाना त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. जन्मभर एका रेकॉर्ड ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालेले. रेजिमेंट कुठली ते मी सांगत नाही. मराठ्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महारांचं सागरला. वाचकानं यातलं कुठलंही धरावं, गोष्ट बदलत नाही.

दाजी : हे डिस्चार्ज बुक. मेडलच्या रकान्यात काय लिहिलंय, मोठ्यानं वाच.

नाना : संग्राम मेडल. पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाचं मेडल. नऊ वर्षांच्या नोकरीचं मेडल.

दाजी : पुढं?

नाना : पुढं काही नाही. सही आणि शिक्का.

दाजी : मग ७१ च्या डिसेंबरात मी होतो कुठं? पंढरपूरच्या वारीला? हिलीच्या पुढं, बोगऱ्याच्या वाटेवर मोर्टारची किरच मांडीत घुसली. अ‍ॅडव्हान्स्ड ड्रेसिंग स्टेशनला पट्टी केली, तिथनं सिलीगुडीकडं मिलिटरी हॉस्पिटलात. अजून एक्स-रे काढला की तांदळाएवढा तुकडा दिसतो. तो तुकडा काय संग्राम मेडलबरोबर फुकट मिळाला?

नाना : दाजी, तुमच्या मांडीवर माझा अविश्वास नाही. पण मांडी रेकॉर्डला लावता येत नाही. फौजेत जे जे घडतं त्याची पार्ट टू ऑर्डर निघते. सुट्टी, बदली, लग्न, पोर झालं, जखम झाली, सगळ्याची. ती युनिटमधून रेकॉर्ड ऑफिसला येते आणि शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदपत्रावर, चढते. अक्काशी तुमचं लग्न झालं ते गावच्या मांडवात. सरकारच्या लेखी ते झालं पार्ट टू ऑर्डर निघाली त्या दिवशी.

दाजी : तेच म्हणतो मी. हॉस्पिटलातून सुटलो तो दुसऱ्याच युनिटला गेलो. जुन्या पलटणीनं रोल केला तेव्हा मी त्यांच्या हजेरीवर नव्हतो. नव्या पलटणीनं रोल केला, पण ती पलटण पूर्वेला गेलीच नव्हती. दोन्हीकडून मी सुटलो. यात माझी चूक दाखव.

नाना : चूक तुमची नाही. पण त्या वेळच्या कारकुनाचीही नाही. त्याच्यासमोर जो रोल आला तो त्यानं उतरवला. आणि तुम्ही नोकरीत असताना का नाही बोललात? तेव्हा सीओ होते, हेडक्लार्क होता. अर्ध्या तासाचं काम होतं.

दाजी : तेव्हा कुणाला होती रे हौस. शिपायानं सुभेदारसाहेबाकडं जाऊन ‘माझं मेडल राहिलं’ म्हणायचं? हसले असते. तेव्हा सुट्टी मिळाली तरी गंगेत घोडं न्हालं.

*

इथं मी मध्ये तोंड घालतो, कारण नानांचा हा प्रश्न जगातली सगळी रेकॉर्ड ऑफिसं विचारतात आणि दाजींचं उत्तर जगातले सगळे शिपाई देतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळाच्या बाबतीत हेच झालं. १९४७ मध्ये तिथल्या लष्करानं ठरवलं की ज्याला लढाऊ पायदळाचा बिल्ला मिळाला आहे, त्याला ब्रॉन्झ स्टारही मिळावा. नियम झाला, पण तोवर लाखो पोरं गणवेश उतरवून घरी गेली होती. पदक आपोआप घरी येणार नव्हतं, मागावं लागणार होतं. नियम ठाऊक नसलेला म्हातारा ते मागणार कसा? कितीतरी जण ते न मागताच गेले.

फरक एवढाच की तिथं मागायला एक ठरलेलं दार आहे. १९४६ पर्यंत अमेरिकी सैनिकाची नोंद दुरुस्त करायची तर त्याच्या एकट्यासाठी संसदेत विधेयक आणावं लागे. खासदार या विधेयकांना कंटाळले आणि त्यांनी कायद्यानं हे काम लष्करी खात्यांकडे सोपवलं. त्यातून नोंददुरुस्तीची मंडळं उभी राहिली. मंडळावर गणवेशातले अधिकारी नाहीत, मुलकी माणसं बसतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ ती मुदत बाजूला ठेवू शकतं.

आपल्याकडे असं वेगळं मंडळ नाही. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, मग वरच्या कार्यालयाला तक्रार आणि शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं ते आलं, २००९ पासून चालू आहे, मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत तिथं जायचं असतं. उशीर माफ होऊ शकतो, पण तो माफ करून घ्यायला बहुतेकांना वकील लागतो. एका न दिलेल्या पदकासाठी साताऱ्याहून मुंबईला वकील करायचा!

*

दाजी : सातबाऱ्यावर माझ्या बापाचं नाव चुकलं होतं. तलाठी म्हणाला का, ‘जमीन कसताय ना, मग नाव कशाला हवं?’ कलम १५५ खाली अर्ज दिला, तहसीलदारानं दुरुस्ती केली. त्या कलमात तर लिहिलंय, लेखनातली चूक कधीही दुरुस्त करता येते. कधीही! ढेकळाला जी सवलत आहे ती माणसाला का नाही?

नाना : आणि त्याच १५५ च्या नावाखाली किती जमिनींचे मालक बदलले तेही पेपरात वाचता ना तुम्ही? दार कायम उघडं ठेवलं की त्यातून कुत्रंही आत येतं. मी ऑफिसात होतो तेव्हा प्रतिज्ञापत्रं यायची. एकाच गावातले दोघं. हा त्याचा साक्षीदार, तो ह्याचा. दोघांचीही भाषा शब्दाला शब्द तीच, कारण कोर्टाबाहेरचा टायपिस्ट एकच. मी काय करायचं?

दाजी : तपासायचं.

नाना : कशावरून? पेन्शन नसलेल्या जवानाचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. तुम्हाला पेन्शन आहे म्हणून तुमचा शीट रोल तरी शाबूत आहे. आणि युद्धाच्या फायलींचं म्हणाल, तर २०१० मध्ये बातमी आली होती. कोलकात्याच्या पूर्व विभागाच्या मुख्यालयातल्या ७१ च्या बऱ्याच फायली फाडून टाकलेल्या निघाल्या. जनरल जेकब ७१ मध्ये तिथले चीफ ऑफ स्टाफ. ७४ मध्ये आर्मी कमांडर म्हणून परत आले आणि त्यांनी फायली मागितल्या, तेव्हा त्यांनाच सांगण्यात आलं की त्या नष्ट झाल्यात. त्यांनाच मिळाल्या नाहीत, तर हवालदाराला कुठून मिळणार?

दाजी : म्हणजे कागद फाडायचे तुम्ही आणि पुरावा आणायचा मी!

नाना : त्या मोठ्या कारवाईच्या फायली होत्या, दाजी. तुमच्या मांडीची नोंद त्यांत नसतेच.

दाजी : मग माझी नोंद कशात असते ते सांग. तू त्याच खात्यात केस पांढरे केलेस.

(इथं नाना थोडे थांबतात. मी त्यांना थांबू दिलं, कारण पुढचं वाक्य त्यांना अडचणीचं आहे.)

नाना : हॉस्पिटलच्या दाखल्याच्या रजिस्टरात. तिथनं एक प्रत मेडिकल कागदांबरोबर रेकॉर्डला येते. कधी पगाराच्या हिशेबातही. जुन्या पलटणीच्या वॉर डायरीत, पडलेल्या आणि जखमी झालेल्यांचे आकडे असतात, कधी नावंही. एका ठिकाणी नसलं तर दुसऱ्या ठिकाणी असतं.

दाजी : हे तू मला दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर?

नाना : तुम्ही दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर?

*

दोघांचंही बरोबर आहे आणि त्यामुळेच ही तक्रार सुटत नाही. तरीही एका ठिकाणी नसलेली नोंद दुसऱ्या ठिकाणी असते, हे नानांनी शेवटी जे कबूल केलं ते महत्त्वाचं आहे. सेंट लुईस शहरात १२ जुलै १९७३ ला अमेरिकी सैनिकांच्या नोंदींच्या इमारतीला आग लागली. दीड कोटीहून जास्त फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या नोंदींतल्या सुमारे ऐंशी टक्के जळाल्या. त्यानंतर तिथल्या कारकुनांनी ‘फाइल नाही, सबब अर्ज नामंजूर’ असं लिहून हात झटकले नाहीत. पगाराची व्हाउचरं, रोजच्या हजेरीचे तक्ते, इस्पितळाच्या नोंदी असे दुसरीकडे पडलेले कागद जुळवून माणसाची नोकरी पुन्हा उभी करायचा एक धंदाच तिथं बसला. ते काम आजही चालू आहे. फाइल जळालेली असो वा रोलमधून नाव सुटलेलं, शोधायचं काम ज्याच्या ताब्यात कपाटं आहेत त्याचं आहे. अर्जदाराच्या ताब्यात फक्त मांडी आहे.

*

नाना : एक विचारू? हे मेडल मिळून करणार काय तुम्ही? पूर्वी स्टारला पैसे नाहीत. वूंड मेडललाही नाहीत. हौस असेल तर दिल्ली कँटला गोपीनाथ बाजारात जा. हवं ते मेडल, हवी ती रिबन मिळते. नोकरीतली पोरंसुद्धा सरकारी मेडल यायला उशीर झाला की तिथलीच लावून परेडला उभी राहतात. कुणी विचारत नाही.

दाजी : हे बघ. हे माझं संग्राम मेडल. कडेवर नख फिरव. काय लागतंय?

नाना : नंबर. रँक. नाव.

दाजी : बाजारातल्याची कड गुळगुळीत असते. तो पितळेचा बिल्ला. माझ्या नातवानं घेतला तर त्याचा, तू घेतलास तर तुझा. हे माझं आहे, कारण सरकारनं कडेवर माझा नंबर कोरलाय. मला मेडल नको, मला ती कड पाहिजे.

नाना : बोलायला ठीक आहे. पण टेबलावर बसलेल्या माणसाचं ऐका. त्याच्यासमोर एक अर्ज विधवेचा. नवरा गेला, फॅमिली पेन्शन अडकलीय, कारण बँकेत तिचं नाव शांताबाई आणि रेकॉर्डला शांता. दुसरा अर्ज तुमचा, पन्नास वर्षांपूर्वीच्या मेडलचा. आधी कुठला उचलायचा?

दाजी : तिचाच. मी कुठं नाही म्हणतो? पण माझा कधी उचलणार, ते कागदावर लिहून दे. ‘प्रकरण विचाराधीन आहे’ यावर किती दिवाळ्या काढायच्या माणसानं?

नाना : शिवाय…

दाजी : थांब. आणि पैसे नाहीत म्हणतोस, ते पूर्ण खरं नाही. मी मांडीसकट नोकरी पुरी केली, माझं सोड. पण माझ्यासारखाच जखमी झालेला, पुढं त्याच पायानं अधू झालेला कुणी असेल, त्याच्या रेकॉर्डला ती जखम लढाईतली म्हणून चढली नसेल, तर?

नाना : तर त्याला वॉर इंज्युरी पेन्शन मिळणार नाही. मिळालीच तर साधी डिसॅबिलिटी पेन्शन. दोन्हींत बरंच अंतर आहे.

दाजी : मग ही मेडलची ओळ नुसती शोभेची कशी? लढाईत जखमी झाल्याचा तो पुरावाच आहे.

नाना : हे मात्र मान्य.

*

दाजींच्या मनात आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी उशिरा काढली. किरच लागल्यावर त्यांना उघड्या शेतातून बांधापर्यंत ओढत आणणारा जोडीदार. तो दुसऱ्या दिवशी पडला. त्याच्यासाठी कंपनी कमांडरनं काही लिहून पाठवल्याचं दाजींनी ऐकलं होतं. पुढं काही झालं नाही.

दाजी : माझं राहू दे. त्याच्यासाठी अर्ज करता येईल का? वीर चक्र नाही म्हणत मी, पण काहीतरी.

नाना : नाही, दाजी. इथं मी हटणार नाही. पूर्वी स्टार हजेरीचं मेडल आहे, हजर होतात तर तुमचा हक्क. शौर्यपदक हक्क नसतो. ते त्या वेळच्या अधिकाऱ्यानं, त्या वेळी पाहिलेल्यावरून, दुसऱ्या दहा जणांशी तुलना करून सुचवायचं असतं. आज पन्नास वर्षांनी तुमच्या आठवणीवरून ते दिलं, तर ज्यांना तेव्हा मिळालं त्यांचंही मोल कमी होतं. आणि ज्याला आठवणारा कुणी उरलाच नाही, त्याचं काय?

दाजी : लिहून पाठवलं होतं म्हणतोय ना.

नाना : ते दाखवा. ऐकलेलं नको.

*

या वादात मी नानांच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर. पॅरिस डेव्हिस हा अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसमधला कृष्णवर्णीय कॅप्टन. जून १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये बोंगसनजवळ तो स्वतः जखमी असताना आपल्या सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढत राहिला. त्याच्या वरिष्ठानं सर्वोच्च पदकासाठी त्याची शिफारस केली. शिफारशीचे कागद हरवले. १९६९ च्या चौकशीत ते पुन्हा सादर करायला सांगितलं. ते पुन्हा हरवले. त्याला सिल्व्हर स्टारवर समाधान मानावं लागलं. पुढं काही स्वयंसेवकांनी साक्षी आणि जुने कागद जमवले आणि ३ मार्च २०२३ ला त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. तोवर तो ऐंशी पार झाला होता. तिथं नुसत्या आठवणींवर पदक दिलं नाही. कागद लिहिला गेला होता आणि तो सरकारच्या ताब्यात हरवला, ही त्या दाव्याची मूळ बाजू होती.

आपल्याकडेही कागदात फेरफार झाल्याचं न्यायाधिकरणानं मानलेलं आहे. कारगिलमध्ये बटालिक भागात ७० व्या ब्रिगेडचं नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या कामगिरीची नोंद अन्यायानं लिहिली गेली, असं २०१० मध्ये न्यायाधिकरणानं म्हटलं आणि ती सुधारायला सांगितलं. ते ब्रिगेडियर होते. कागद कसा हलतो हे त्यांना ठाऊक होतं आणि दावा लढवायची ताकद त्यांच्यात होती. दाजींचा जोडीदार शिपाई होता. त्याची आई वारली, लग्न झालेलं नव्हतं. त्याच्या वतीनं दार ठोठावायला रक्ताचं माणूसच नाही. म्हणून नानांचा ‘ते दाखवा’ हा आग्रह मला अर्धाच पटतो. शिफारस लिहिली गेली होती का, हे शोधण्याची जबाबदारी जोडीदाराच्या जोडीदारावर टाकता येत नाही. शोधून सापडली नाही, तर ‘नाही’ म्हणा. न शोधता ‘नाही’ म्हणणं हा निर्णय नव्हे.

*

दाजी : मग मी आता काय करू?

नाना : प्रतिज्ञापत्र नंतर. आधी माहिती अधिकारात दहा रुपये भरून स्वतःच्या शीट रोलची आणि मेडिकल कागदांची प्रत मागवा. त्यात हॉस्पिटलात दाखल झाल्याची तारीख मिळेल. ती डिसेंबर ७१ ची निघाली, की तुम्ही त्या दिवशी कुठल्या पलटणीच्या हजेरीवर होतात हे आपोआप ठरतं. मग त्या पलटणीचं नाव घालून अर्ज. मेडल ‘द्या’ असं लिहू नका. ‘नॉमिनल रोलमधून नाव सुटलं आहे, नोंद दुरुस्त व्हावी’ असं लिहा. मेडल मागणारा अर्ज मेडलच्या टेबलावर जाऊन पडतो. नोंद दुरुस्तीच्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

दाजी : हे आधी सांगायचं!

नाना : आणि हो, त्या वेळच्या सेक्शनमधला कुणी हयात असेल तर त्याच्याकडून चार ओळी घ्या. त्याच्या शब्दांत. टायपिस्टच्या नव्हेत.

दाजी : एकच उरलाय. कोल्हापूरकडं असतो. बोलतो कमी, पण विसरत नाही.

नाना : मग उद्याच निघा.

*

संरक्षण मंत्रालयानं २०२१ मध्ये धोरण ठरवलं आहे की युद्धांच्या डायऱ्या आणि कारवायांच्या नोंदी साधारण पंचवीस वर्षांनी खुल्या कराव्यात, आणि त्याहून जुन्या तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्याव्यात. इतिहासकारांसाठी ही चांगली बातमी आहे. त्याच डायऱ्यांतली जखमींची नावं एकदा रेकॉर्ड ऑफिसांच्या शीट रोलशी ताडून पाहायचं काम कुणी केलं, तर दाजींसारख्यांना अर्जच करावा लागणार नाही. हे काम सरकारनं स्वतःहून करायला हवं, आणि ७१ चे पंचाहत्तरी ओलांडलेले जवान हयात आहेत तोवर करायला हवं. तसं होईल याची मला खात्री नाही, म्हणून वाचकाला सांगतो.

घरात आजोबांचं, वडिलांचं किंवा मामांचं डिस्चार्ज बुक असेल तर आज ते उघडा. १९६५, १९७१, कारगिल, जे असेल त्या काळात ते कुठल्या युनिटमध्ये होते आणि त्या युनिटला कुठली पदकं मिळाली, हे मेडलच्या रकान्याशी ताडून बघा. काही राहिलं असेल तर ते हयात असताना, त्यांच्या सहीनं अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला एक प्रत द्या. रेकॉर्ड ऑफिसचा अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि त्याची पावती डिस्चार्ज बुकातच ठेवा.